तिसऱ्या सशाचं रक्त

माझ्या बायकोच्या, वेलिकाच्या हातातून बशा पडायला लागल्या तेव्हा मी तिला मारलं. एकदा नाही, तीनदा. शेवटच्या वेळी तिचा ओठ फाटला. मला वाटलं, ही दुपारीच राकियाची दारू ढोसते. वर्षभराने प्लोवदिवच्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या तिच्या नसाच मरत होत्या. आधी हात गेले, मग जीभ, मग श्वास.

ती आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. मी तिथेच ससे सांभाळतो, त्याआधी वीस वर्षं कत्तलखान्यात होतो. मेल्यावर आपल्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू प्रयोगशाळेला द्यायचा, असं तिने लिहून ठेवलं होतं.

आमच्या शोपोवा डॉक्टरबाई प्रतिपिंडं बनवतात. पेशीत आरएनएला धरून राहणारं एक प्रथिन असतं. ते पेशीच्या केंद्रकात असायला हवं. या आजारात ते बाहेर येतं आणि त्याच्या गाठी होतात. नुसतं बघून ते ओळखता येत नाही. म्हणून ते सशाला टोचतात. सशाचं रक्त त्याला ओळखायला लागतं, मग मज्जारज्जूचा पातळ काप काचेवर ठेवून त्यावर ते रक्त घातलं की त्यातली प्रतिपिंडं नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. वरून रंग दिला की तिथे तपकिरी डाग दिसतात.

"बाई, वेलिकाची काच मला दाखवाल?" मी विचारलं होतं.

"दाखवीन स्तामेनभाऊ. आधी चांगलं रक्त हातात येऊ दे."

बशा तिने पाडल्या की आजाराने, एवढंच मला बघायचं होतं.

तीन सशांपैकी फक्त तिसऱ्याचं रक्त जमलं. बाकी दोघांचं दिसेल त्याला चिकटायचं. तरी तुलनेसाठी तिघांचंही सगळं रक्त काढायचं ठरलं. सगळं म्हणजे ससा मरेपर्यंत.

मंगळवारी सकाळी मी आणि ल्युबेन कामाला लागलो. ल्युबेन प्रयोगशाळेतलाच, तिशीतला, हाताने चलाख, तोंडाने वाईट. सशांचे आकडे मी घातले, पण बाटल्यांवर नाही, झाकणांवर घातले. आमच्याकडे मिरच्या-टोमॅटोच्या बरण्यांवर वर्ष झाकणावरच लिहितात, वेलिकाही तसंच लिहायची. हात त्याच सवयीने चालला.

पहिले दोन ससे गुंगीतच गेले. सुई हृदयात, बाटली भरली, मान लुळी. तिसऱ्याला मी औषध कमी दिलं. जास्त झालं तर रक्त निघायच्या आत हृदय थांबेल, ही भीती. बाटली अर्धी झाली आणि तो जागा झाला.

ससा ओरडतो तेव्हा लहान मुलासारखा ओरडतो. त्याने मागचे पाय असे झाडले की त्याच्या स्वतःच्या कण्याचा कडकन आवाज आला. मी त्याला छातीशी दाबलं, सुई हलू दिली नाही, पिळून पिळून रक्त काढलं. तो माझ्या कोपराखाली थंड झाला.

"वा काका!" ल्युबेन म्हणाला. "दाबायचा हात चांगलाय तुमचा. बायकोवर बसलाय ना? सगळ्या गल्लीला माहितीये."

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याने स्टूल उचलून माझ्या बरगडीत घातलं. मी त्याचे केस धरले आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, दोनदा. नाक फुटलं. टेबल कलंडलं आणि बाटल्या खाली गेल्या. त्यांना अजून झाकणं लावली नव्हती.

एक फुटली. दोन आडव्या पडल्या, दोन्हींत बोटभर रक्त राहिलं. तिन्ही झाकणं रक्तात पडली होती, आकडे स्वच्छ दिसत होते. पण कुठलं झाकण कुठल्या बाटलीचं?

मी गुडघ्यांवर बसून दोन्ही बाटल्या सरळ धरल्या. ल्युबेन भिंतीला टेकून दात थुंकत होता. म्हणाला, "झाकणावर लिहिलंत? अहो, लोणचं घालायला आलात की काय?"

बाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "दोन्हीची चाचणी घेते. आठवडा लागेल. फुटलेली तिसऱ्याची असेल, तर संपलं."

ल्युबेन पोलिसांत गेला नाही. नाकाला पट्टी बांधून सगळ्यांना सांगत फिरला, सशाने लाथ मारली. मी आठवडाभर फरशी घासत होतो. फटींतलं रक्त निघत नव्हतं.

पुढच्या बुधवारी बाईंनी हाक मारली. एका बाटलीतलं रक्त सगळीकडे चिकटलं होतं. दुसरी तिसऱ्या सशाची निघाली. त्यांनी वेलिकाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती.

"बघा. ही पेशी. मधलं केंद्रक रिकामं आहे. आणि बाहेर ही गाठ."

तपकिरी गाठ दिसली. बाजूला आणखी एक, मग आणखी. काच सरकवली तरी त्याच.

"हे कधीपासून असेल?"

"नक्की कोण सांगणार? पण हातातून वस्तू सुटायला लागल्या म्हणजे नसा आधीच मरत होत्या." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. तिचा काही दोष नव्हता."

"तेच तर," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. मग मी त्यांना ओठाचं सांगितलं. तीनही वेळचं सांगितलं, काही लपवलं नाही.

बाईंनी खांद्यावरचा हात काढून घेतला.