दिवाणातले पुढारी

साल २०२४. विधानसभेची निवडणूक लागली होती आणि दिवाळी तोंडावर आली होती. त्या रविवारी आमच्या भाविकाला पाहायला धुळ्याहून पाहुणे आले, त्याची ही गोष्ट.

पाहायला म्हणजे आपलं म्हणायचं. भाविका माझी नात. दीपनगरच्या वीज केंद्रात पाणी तपासायची जी प्रयोगशाळा आहे, तिथे ती नोकरीला होती. स्वप्नील तिथेच इंजिनिअर. दोघांनी आपापसात सगळं ठरवलं आणि मग घरी सांगितलं. माझ्या मुलाची, किरणची, हरकत नव्हती. सून नूतनची नव्हती. अडचण एकच, स्वप्नीलचे वडील प्रेमराज आबा.

आबा जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. पंचवीस वर्षं एकाच पक्षात. थोरल्या मुलासाठी रावेरचं चांगलं स्थळ आलं होतं, ते आबांनी मोडलं. कारण काय, तर मुलीच्या मामाने विरोधी उमेदवारासाठी रिक्षात बसून माईकवर प्रचार केला होता. "त्या मामाच्या पाया कसं पडायचं लग्नात?" असं म्हणाले म्हणे.

हे सगळं भाविकानेच सांगितलं आणि वर म्हणाली, "आजी, हे जमलं नाही तर मी दुसरं स्थळ पाहणार नाही." पोरगी मुळात हट्टी नाही, म्हणून मला जास्त धसका बसला.

आता आमच्या घराचं सांगते. मी चाळीसगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून मी धुळ्याला मुंबई आणि जळगावला सुरत जोडून दिली आहे. तेव्हा ट्रंक कॉल लावायच्या आधी माणूस काय बोलायचं ते ठरवून यायचा. आता फोन आधी लागतो आणि बोलणं नंतर सुचतं. तसंच साबणाचं. आता वडीला मधोमध कंबर काढतात, आठ दिवसांत तिथूनच मोडते. माझा मिक्सर सत्त्याऐंशी सालचा. सुरू केला की गल्लीत ट्रॅक्टर शिरल्यासारखा आवाज होतो, पण काळा मसाला असा वाटतो की बोटाला कण लागत नाही.

हा मिक्सर आम्ही पैसे देऊन घेतला होता. हे मुद्दाम सांगते, कारण अलीकडे घरात बऱ्याच वस्तू विकत आलेल्याच नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका पक्षाचा डबा येतो, राखीला दुसऱ्या पक्षाचा पाण्याचा जार, गणपतीत तिसऱ्याची छत्री. प्रत्येक वस्तूवर एक हसरा चेहरा. कुकरच्या झाकणावर एक साहेब होते, ते वाफ धरली की थरथरायचे. आम्ही कुणाला नाही म्हटलं नाही. मतं मात्र ज्याची त्याची. आमच्या घरात पाच मतं आहेत आणि ती कधी एका बटणावर पडली असतील असं मला वाटत नाही.

शनिवारी मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "उद्या आबा यायच्या आत हे सगळे चेहरे भिंतीवरून आणि ओट्यावरून उतरले पाहिजेत. फक्त आबांच्या साहेबांचे राहू द्या." कल्पना माझीच होती, उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही.

नूतन म्हणाली, "आई, छत्र्या कुठे घालू?"

"दिवाणात."

बाहेरच्या खोलीत आमचा मोठा दिवाण आहे. फळी उचलली की आत गाद्या-रजया ठेवायची जागा. रजया थंडीसाठी बाहेर काढलेल्याच होत्या. त्या जागी दोन कुकर, तीन छत्र्या, जार, डबे, भिंतीवरचं घड्याळ, चार कॅलेंडरं आणि एक इस्त्री एवढं गेलं. वर फळी, फळीवर गादी, गादीवर नवी चादर. भिंतीवर आबांच्या साहेबांचं कॅलेंडर. पाणी द्यायचा ट्रेसुद्धा त्यांचाच निघाला.

राहिले लोटनभाऊजी. हे माझे दीर. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मागच्या खोलीत राहतात. राजकारणावर बोलल्याशिवाय त्यांचं जेवण उतरत नाही. किरण म्हणाला, "काका, उद्या एक शब्द नाही."

"अरे, पुढारी माणूस घरात येणार आणि मी काय भेंडीचे भाव विचारू त्याला?"

"विचारा. पण पक्ष नाही."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की भाऊजींनी एकच वाक्य बोलायचं, तेही कौतुकाचं. ते वाक्य मी सांगितलं आणि त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं.

रविवारी अकराला गाडी आली. आबा, त्यांच्या मंडळी ताईबाई आणि स्वप्नील. आबा उंच, पांढरे कपडे, आवाज सभेचा. ताईबाई बुटक्या, डोळे सगळीकडे. मी आबांना मानाने दिवाणावर बसवलं. नूतनने ट्रेमधून पाणी आणलं. आबांनी पेला उचलला, खालचा साहेबांचा चेहरा पाहिला आणि पेला तसाच हातात धरून राहिले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मला वाटलं, खूश झाले.

त्याच वेळी भाऊजींनी घसा साफ केला.

"आबा, आज इकडे, उद्या तिकडे उड्या मारणारे पुष्कळ पाहिले. पण पंचवीस वर्षं एका झेंड्याखाली उभा राहिलेला माणूस आज आमच्या घरात बसलाय, हे आमचं भाग्य."

शब्द न चुकता म्हटलं. आणि माझ्याकडे पाहिलं, शाळेतला मुलगा बाईंकडे पाहतो तसं.

आबांचा चेहरा उतरला. स्वप्नील फरशी मोजायला लागला. ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. पेला खाली ठेवून आबा म्हणाले, "बरंय. आम्हाला पारोळ्याला एका ठिकाणी जायचंय अजून."

"अहो, चहा येतोय," किरण म्हणाला.

"चहा नको."

आमच्याकडे पाहुण्याने चहा नको म्हटलं की समजायचं, बोलणं संपलं. पोहे राहिले तरी चालतात, चहा राहिलेला चालत नाही. नूतन कपबश्या घेऊन दारातच उभी राहिली. तिच्या मागून भाविकाने मला खुणेने आत बोलावलं आणि मोबाईल पुढे धरला. आबांचाच फोटो. गळ्यात नवं उपरणं, शेजारी दुसरेच साहेब, खाली लिहिलेलं, भव्य पक्षप्रवेश. बुधवारचा.

"तुला माहीत नव्हतं?"

"आता शोधलं, आजी. रावेरच्या स्थळाचं सांगितलं तेवढंच, एरवी स्वप्नील घरातलं राजकारण काढतच नाही." तिने बाहेरच्या खोलीकडे बोट केलं. "ते चालले बघ."

कसं घडलं ते मला तिथल्या तिथे कळलं. किरण लोकसभेच्या वेळच्या भांडणांना कंटाळून मोबाईलवरच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडला होता. मी आणि नूतन टीव्हीवर मालिका पाहतो. बातम्यांचं खातं भाऊजींकडे. आणि भाऊजी पेपर विकत घेत नाहीत. कोपऱ्यावर दलिचंद शेठचं किराणा दुकान आहे, तिथले पेपर पुड्यांना जायच्या आधी हे घेऊन येतात आणि तारखेच्या क्रमाने वाचतात, रोज एक, मधला एकही न सोडता. त्यामुळे ते जगाच्या आठवडाभर मागे असतात. पण बोलतात इतक्या खात्रीने की आम्ही सगळे त्यांच्याबरोबर मागे राहिलो.

मी बाहेर आले. आबा दिवाणाच्या कडेला, उठण्याच्या बेतात.

"आबा, जरा उठता का?"

त्यांना वाटलं, आता घरातून काढायलाच लागले. कान लाल झाले. उठले. मी किरणला म्हटलं, "गादी काढ. फळी उचल."

"आई!"

"उचल म्हटलं ना."

फळी उचलली. वर ठेवलेली छत्री आपोआप उघडली आणि एक साहेब फुलासारखे वर आले. खाली बाकीचे.

"बघा आबा," मी म्हटलं. "हे तुमचे विरोधक, हे त्यांच्यातून फुटलेले, हे अपक्ष. आणि हा जार बघा, हे तुमचे नवे साहेब. राखीला आले. काल तुमच्यासाठी सगळ्यांना आत घातलं आणि तुमचे जुने तेवढे बाहेर ठेवले. तुम्ही बुधवारी इकडून तिकडे गेलात, ते आम्हाला आत्ता या घडीला कळलं. आमचा कुठलाच पक्ष नाही. नाटक केलं, ते पोरीला तुमचं घर पाहिजे म्हणून. आता चहा घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

आबांनी लोटनभाऊजींकडे बोट केलं. "म्हणजे यांनी टोमणा नाही मारला?"

"टोमणा मारायला बातमी माहीत पाहिजे ना आबा," भाऊजी कळवळून म्हणाले. "मी अजून मागच्या सोमवारच्या पेपरात आहे!"

पहिल्यांदा हसल्या त्या ताईबाई. हसताहसता दिवाणाच्या कडेला टेकल्या आणि घरच्या अहिराणी बोलीत सुरू झाल्या. "अक्का, काय सांगू तुमले! आमना घरमा बी बठ्ठं असंच शे. बुधवारपासून मी नुसती चिकटपट्टी लावी राहिनू. कुकरवर चिकटपट्टी, मिक्सरवर चिकटपट्टी. काल कुकर तापना, पट्टी निघी गयी, अन् जुना साहेब दिसताच यासना घास तोंडमा अडकना."

"अगं, गप्प," आबा म्हणाले.

"काब्र गप्प? पंचवीस वरीस फराळ मीच कया ना त्या पक्षना?"

स्वप्नीलने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आबा, मी तुम्हाला आजवर कुठल्याही पक्षाबद्दल काही बोललो नाही. आज एवढं एक मागतो."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या भाविकाकडे. पुन्हा बसायला गेले तर दिवाण उघडा. म्हणून खुर्ची ओढली. आवाज आता सभेचा नव्हता.

"आई, बुधवारपासून चौकात लोक मला रामराम घालत नाहीत. समोरून आले की मोबाईल कानाला लावतात. इथे येताना वाटलं होतं, चाळीसगावात तरी कुणी काही म्हणणार नाही. आणि बसलो तर पेल्याखाली साहेबच." मग नूतनकडे वळले. "तो चहा गार झाला असेल. दुसरा टाका. साखर कमी."

सुपारी त्याच दिवशी फुटली. जाताना ताईबाईंनी ती छत्री मागून घेतली. आबा म्हणाले, विरोधकांची आहे. त्या म्हणाल्या, दांडा मजबूत आहे.

भाविका आणि स्वप्नीलचं लग्न फेब्रुवारीत धुळ्याला झालं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना पत्रिका गेल्या आणि तीन पक्षांचे लोक एका पंगतीत शेवभाजी जेवले. प्रेमराज आबांना नव्या पक्षाने तिकीट दिलं नाही. जुन्याने परत बोलावलं, पण गेले नाहीत. गावी शेवग्याची बाग लावली आहे आणि विचारलं तर फक्त शेंगांचं बोलतात. ताईबाई आता मला दर गुरुवारी व्हिडिओ कॉल करतात. मला बहुतेक त्यांचं छतच दिसतं, पण गप्पा चांगल्या होतात.

दलिचंद शेठचं दुकान त्यांच्या नातवाने, अनुजने, हाती घेतलं. तिथे आता माल बंद पाकिटात येतो, पुड्याच बांधत नाहीत. भाऊजींचे पेपर बंद झाले, तेव्हा किरणने त्यांना मोबाईल घेऊन दिला. आता ते अजून न घडलेल्या बातम्या सांगतात. किरण आणि नूतन आहेत तसेच आहेत.

भाविकाला मुलगी झाली. बाळंतपणाला ती इकडेच होती. गेल्या आठवड्यात दीपनगरला परत गेली आणि घर फार शांत झालं आहे.