गॅस सुटतो त्याच्या पुढं

“कुणाला पटायचं न्हाई राव, पण कालचीच गोष्ट हाय!” चाकणच्या कांदा बाजाराबाहेर केसरबाईच्या भज्यांच्या गाड्यावर सोपानरावांनी बैठक जमवली आणि शेजारी बसलेल्या नातीला, सायलीला, हळूच कोपर मारलं.

सायली कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि मोबाइलवर विज्ञानाचे छोटे व्हिडिओ टाकायची. कांदा का रडवतो, हे रहाटणीच्या सोसायटीवाल्यांना तिनं ‘एन्झाइम’ वगैरे म्हणत सांगितलं. तो व्हिडिओ धो धो चालला. तेच बाजारातल्या मंडळींसाठी सोपं करायला गेली आणि पहिल्याच वाक्यात घसरली: “कांदा कापला की गॅस सुटतो!”

झालं! अख्ख्या बाजारानं तेवढाच तुकडा एकमेकांना पाठवला, वर पोटाची चौकशी करत. पुढचं ऐकतंय कोण?

“आजोबा, बाजारासाठी व्हिडिओ आजपासून बंद,” सकाळी ती चिडून म्हणाली होती.

“आदी मला एक थाप मारू दे, पोरी. कुणी पकडली तर चालू ठिवायचं. न्हाई पकडली, तर तुझं खरं.”

म्हणून आता थाप रंगात आली होती. “कांद्याचा ट्रक सिग्नलला हुबा. मागं कंपनीची बस. वारं असं फिरलं, की बसमधली फर्स्ट शिफ्ट ढसाढसा रडाया लागली! सुपरवायझरनं तर हुंदके देत सगळ्यांची रजा मंजूर केली!”

“आन् ट्रॅफिक पोलीस?” हमाल ज्योतीराम पुढं सरकला.

“त्यानं डोळं पुसाया हात वर केला, तर चारी बाजूच्या गाड्या थांबल्या!”

सगळे माना डोलवत होते. सायलीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. सोपानरावांनी ते पाहिलं. आपली थाप पकडली जावी, असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं. त्यांनी ती आणखी ताणली. “आन् पोती शिवलेली, बरं का! एक कांदा फुटलेला न्हाई, का चिरलेला न्हाई!”

विळीवर चाललेला केसरबाईचा हात थांबला. पदरानं डोळे पुसत तिनं वर पाहिलं.

“सोपानराव, खोटं बोलताय! अख्ख्या कांद्यात कुठला आलाय गॅस? चिरल्यावर आतलं दोन रस एकमेकांत मिसळत्यात, तवा त्यो व्हतो. तुमच्या सायलीनंच सांगितलंय की मोबाइलवर, गॅस सुटतो त्याच्या पुढं!”