दुकानवालीचा आवाज

आमच्या गेम कंपनीत काहीच काढून टाकत नाहीत, नुसतं बंद करतात. गेम तयार होत असताना खरे कलाकार येईपर्यंत घरच्या-दारच्या कोणाचाही आवाज घालून काम भागवायचं. कलाकार आले की तो आवाज बंद करायचा, पण फाइल तिथेच पडून राहते. काही वर्षांपूर्वी गेममधल्या एका खडूस दुकानवालीसाठी असाच आवाज हवा होता. मी ध्वनी विभागात. ऑफिसचा रेकॉर्डर घरी नेला आणि आईला ओट्यापाशीच गाठलं.

"हे असलं कोण बोलतं?" लिहून दिलेली वाक्यं वाचून आई म्हणाली, आणि तिने स्वतःचीच ठोकून दिली. "हात लावू नकोस! फुटलं तर तुझ्या बापाला बोलावीन!"

बाबा आतून खरंच धावत आले. "काय गं, काय फुटलं?"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. फाइलची प्रत घरी ठेवायची मुभा नव्हती, आणि मला ती हवीही नव्हती. आई दिवसभर बोलायची. प्रत कशाला लागतेय?

गेल्या वर्षी आईच्या मेंदूत गुठळी झाली, एक हात लुळा पडला आणि तिची वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांनी भांडतेसुद्धा, पण बोलता येत नाही. फोटो घरात ढीगभर आहेत. बोलताना मात्र ती कधी सापडलीच नाही, कारण कोणी फोन समोर धरला की तोंडावर हात घेऊन पळायची. मग बाबांना त्या फाइलची आठवण झाली. "आण ना गं, तिला ऐकवू," म्हणून रोज मागे लागले. आणते, म्हणाले मी. परवानगीचा अर्ज वरच्या मजल्यावर गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला.

तेवढ्यात चोरी झाली. कोणीतरी आमच्या गेमचा सगळा सोर्स कोड पळवला आणि आवाज-चित्रांसकट इंटरनेटवर उघडा टाकला. बंद करून ठेवलेलं चालू कसं करायचं, हे लोकांना लगेच कळलं. आणि त्यात सगळ्यांना आवडली कोण, तर ती दुकानवाली. माझ्या आईच्या आवाजावर अख्खं जग हसायला लागलं. कोणी त्याला ठेका लावला, कोणी तो मांजराच्या तोंडी घातला.

आमच्या सुरक्षाप्रमुखाला आम्ही कुलूपसाहेब म्हणतो. चोर पळून गेल्यावर मेल्याला जाग आली. जुनं, बिनकामाचं सगळं पुसून टाका, असा त्याने हुकूम काढला. शिवाय चोरीचा माल घरीदारी कोणी शोधला किंवा उतरवून घेतला तर नोकरी जाईल, अशा कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी तडक त्याच्या खोलीत गेले.

"एकच फाइल हवीय. माझ्या आईची आहे."

"मॅडम, तुम्हाला दिली तर उद्या वकील मला धरतील."

"अहो, सगळ्या जगाकडे आहे ती!"

"म्हणूनच तर." त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "मला वाईट वाटतंय, खरंच. पण जुना साठा कालच पुसला. पोलिसांकडे एक प्रत आहे, तिला सील आहे."

मी ते पाणी प्यायले. दुसरं काय करणार होते?

वर नवं काम माझ्याच गळ्यात आलं. इंटरनेटवर सापडलेले व्हिडिओ ऐकायचे आणि आवाज आमच्या गेममधला आहे का ते सांगायचं, म्हणजे वकील ते काढायला लावतात. फोन दारातच जमा करायचा, कानाला हेडफोन लावायचा, आणि शेजारी वकिलांचा माणूस बसलेला. पहिल्या दिवशी आईचा आवाज आला तेव्हा मी म्हटलं, "परत लावा, नीट कळलं नाही." त्याने लावला. पुन्हा एकदा मागितल्यावर तो माझ्याकडे बघायला लागला.

"आपलाच?"

"आपलाच," मी म्हणाले.

संताप असा येत होता की हेडफोन भिंतीवर आपटावेत. आपटले नाहीत. आईला सांभाळायला येणाऱ्या बाईंचा पगार माझ्याच पगारातून जातो. मग आठवडाभर मी तेच केलं. आईला ऐकायचं आणि आपलाच म्हणायचं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे. परगावी राहणाऱ्या दादाने त्यांना काहीतरी पाठवलं होतं.

"अगं, तुझी आई सापडली! दुपारपासून थांबलोय तुझ्यासाठी. चल, तिघं मिळून ऐकू."

त्यांना थांबवायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही. बाबांनी फोन आईच्या कानाशी धरला. पडद्यावर एक मांजर होतं.

"हात लावू नकोस! फुटलं तर तुझ्या बापाला बोलावीन!"

आई दचकली. मग तिचे ओठ हलायला लागले, त्याच शब्दांवर, आवाजाशिवाय.

"काय गं, काय फुटलं?" बाबा म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

व्हिडिओत कोणीतरी खो-खो हसत होतं. आईला त्याचं काही नव्हतं. तिने चांगला हात उचलला आणि बोटाने खूण केली, पुन्हा.

बाबांनी पुन्हा दाबलं. पडदा काळा झाला. कंपनीच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ काढण्यात आला आहे, असं त्यावर लिहून आलं. बाबांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि परत दाबलं.

"नेट गेलं वाटतं. तू बघ बरं, तुला यातलं कळतं."

मी फोन हातात घेतला. हेच मांजर दुपारी ऑफिसात माझ्यासमोर होतं, आणि मी आपलाच म्हणाले होते. आईचं बोट अजून वरच होतं.