नजर पडद्यावर ठेवा

मी कॅमेरा बोलतोय. लॅपटॉपच्या कपाळावरचा, मुगाच्या दाण्याएवढा. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका, माझं डोकं फिरलेलं आहे.

कारखान्यात मला पडद्याच्या वर बसवलं, तोंड माणसाकडे करून. त्यामुळे खाली पडद्यावर काय लिहिलंय ते मला जन्मात दिसायचं नाही. दिसतात ती तोंडं. जांभया देणारी, माझा आरसा करून केस सारखे करणारी.

भूम गावी शिवांजलीच्या घरी आलो आणि तेही थांबलं. ती जन्मांध. पडद्यावरचं सगळं लॅपटॉप तिला वाचून दाखवायचा, तेही इतकं भरभर की तिची आई सत्यभामाबाई वैतागायच्या. "काय बडबडतंय मेलं, एक अक्षर कळंना." शिवांजलीला मात्र त्यातली प्रोग्राममधली एखादी चुकलेली खूणही कळायची. तिला प्रोग्रामरची नोकरी हवी होती, दुसरी कुठलीही नको होती.

एका कंपनीनं घरबसल्या परीक्षा ठेवली. आपण अंध आहोत हे तिनं अर्जात लिहिलं होतं. तरी त्या शहाण्यांनी पहाऱ्याला मला बसवलं. तिची बोटं चालत होती, मान आवाजाकडे कललेली होती, आणि माझ्याकडून चहाडी करवून घेतली जात होती. "नजर पडद्यावर ठेवा," असा इशारा आला. पुन्हा आला. मग परीक्षाच बंद झाली.

तिनं कंपनीत फोन लावला.

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले. "तुम्ही सारखं इकडेतिकडे बघत होता."

"सर, मी आजवर कुठंच बघितलेलं नाही."

मग साहेबांना दया आली. "टेलिफोनवर बसायची जागा आहे. तुमच्यासारख्यांना जमतं ते."

"मी परीक्षा प्रोग्रामिंगची दिली होती," ती म्हणाली आणि फोन ठेवला. असल्या दयेचा मला संताप येतो.

"आई, तुझी एक टिकली दे."

"आत्ता? कुठं जायचंय?"

"कुठं न्हाय. ह्याच्या डोळ्यावर लावायचीय."

तिनं मला चाचपून शोधलं आणि टिकली दाबून बसवली.

आता दुसऱ्या कंपनीची परीक्षा आहे. टिकली निघणार नाही, असं तिनं आधीच कळवलंय. कंपनीवाले माझ्या पहाऱ्यासाठी अडून बसलेत. अरे, तिनं काय लिहिलंय ते वाचा की. माझी साक्ष कसली मागता? तिचं काम मी कधी पाहिलेलंच नाही.