गोळी, रस आणि दोन पियानो

माझ्या मुलीचं घरातलं नाव भिंगरी. ती नुकती पाय टाकायला लागली होती तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे तिच्या आत्यानं, ते ठेवलं आणि ती चौतिशीला आली तरी सुटलं नाही. भिंगरी पियानो लावते. वाजवत नाही, त्याच्या तारा सुरात आणते. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यातल्या दोन तारा रबराच्या पाचरी घालून गप्प करायच्या, तिसरीची खुंटी किल्लीनं पिळून ती जुळवायची आणि मग पाचरी काढत उरलेल्या दोघींना तिच्याशी मिळवायचं. एवढं मला तिच्याकडून कळलं. बाकी सुरातलं मला काही कळत नाही. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली आणि तिथे कुणी गुणगुणलं तरी लोक माना वर करून बघतात.

भिंगरीच्या कानाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अडचण शेवटाची होती. सुरुवात अशी करायची की बघत राहावं, आणि शेवट कुठेतरी राहून जायचा. घरात अर्धे विणलेले स्वेटर, अर्धी रंगवलेली खिडकी, जागोजागी थंड झालेल्या चहाचे कप.

"हिच्याकडे भूत आलं ना," आत्या म्हणायची, "तर त्यालाही ही अर्धंच घाबरेल."

शहरातल्या मोठ्या सभागृहाचं काम तिला मिळालं तेव्हा आम्ही दोघं भाऊबहीण नवे कपडे घालून कार्यक्रमाला गेलो. पाहुणा वादक रंगात आला होता आणि मधलाच एक सूर गळा धरल्यासारखा निघू लागला. तो थांबला. वाकून त्यानं पियानोत हात घातला आणि तारांमध्ये राहिलेली काळी पाचर चिमटीत धरून लोकांना दाखवली. लोक हसले. भिंगरी विंगेत उभी होती. तिचा चेहरा मला आमच्या जागेवरूनही दिसला.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. मी सोबत गेलो होतो, दाराशी उभा राहिलो.

"बाई, तुमच्यासारखा कान मी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "पण लोक तिकीट काढून तुमचा कान ऐकायला येत नाहीत. हंगामाच्या शेवटी दोन पियानोंचा कार्यक्रम आहे. दोन्ही एकमेकांहून केसाइतकेही वेगळे चालणार नाहीत. तो तुम्ही करा. त्यात काही राहिलं, तर मी दुसऱ्या गावाहून माणूस आणीन. मग माझ्यावर रागावू नका."

घरी येताना ती म्हणाली, "बाबा, काहीतरी राहिलंय हे मला कळतं हो. पण काय राहिलंय ते कळेपर्यंत मी तिथून निघालेली असते."

त्या आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. बाई वयानं भिंगरीएवढ्याच असतील. त्यांनी खूप विचारलं. शाळेतलं, कामातलं, झोपेचं. मला विचारलं, लहानपणी कशी होती? मी आत्यानं ठेवलेलं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "निम्मं निदान तिथेच झालं होतं की!" लक्ष टिकू न देणारा हा विकार मोठेपणीही राहतो, आणि त्यावर औषध आहे, असं त्यांनी सांगितलं. हृदय तपासलं, रक्तदाब घेतला, आणि रोज सकाळी एक गोळी लिहून दिली.

"हे उत्तेजक औषध आहे," डॉक्टर म्हणाल्या.

आत्या खुर्चीतच सरळ झाली. "उत्तेजक? हिला? अहो, हिचं डोकं छपराला लागायचं तेवढं बाकी आहे!"

"आत्या, हिच्या डोक्यात एक पहारेकरी आहे. येईल तो विचार आत सोडायचा की नाही, हे बघायचं त्याचं काम. तो बसल्याबसल्या पेंगतो. आपण फक्त त्याला जागं करणार."

"मग जागा झाल्यावर तो बाकीच्यांना झोपू देईल ना?"

"म्हणूनच गोळी सकाळी. आणि म्हणूनच सुरुवात अगदी कमी मात्रेनं. मात्रा माणसाच्या वजनावर ठरत नाही, हळूहळू वाढवून बघावी लागते. भूक कमी होईल, तोंड कोरडं पडेल. छातीत धडधडलं तर लगेच फोन करा."

पहिल्या काही दिवसांत मोठं असं काही घडलं नाही. भिंगरीनं एक कप चहा पूर्ण प्यायला. मग कप धुतला. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत होतो.

"काय बघताय? प्रदर्शन आहे का?" ती म्हणाली. पण हसली.

भूक मात्र खरंच मेली. ताटाशी बसून ती पाव कुरतडायची आणि उठायची. ताटात टाकलेलं आत्याला आयुष्यात सहन झालेलं नाही. तिनं संत्री आणली. रोज सकाळी उठून मोठा पेलाभर रस काढायचा, त्यात वरून लिंबू पिळायचं आणि गोळीच्या वेळी समोर धरायचं. "जेवत नाहीस ना, मग हा पी. एका दमात. गोळीही जाईल, ताकदही येईल." आत्यापुढे वाद कोण घालणार? मी ग्रंथालयातला माणूस, मी तर मुळीच नाही.

आणि चहाचे कप पुन्हा खिडक्यांवर दिसू लागले.

डॉक्टरांनी मात्रा वाढवली. फरक नाही. पुन्हा वाढवली. थोडा फरक, तोही एक दिवस आड. दोन पियानोंचा कार्यक्रम जवळ येत होता. एका शाळेतल्या पियानोत भिंगरी पुन्हा पाचर विसरली. शिपाई ती घरी आणून देऊन गेला. ती तिनं टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसली.

त्याच सुमारास आत्याची पाठ धरली. अंथरुणातून उठता येईना. संत्री टोपलीत राहिली. भिंगरीनं गोळी पाण्याबरोबर घेतली आणि एका गिऱ्हाइकाकडे गेली.

दुपारी त्या घरच्या बाईंचा फोन आला. "या हो जरा लवकर. ती सकाळपासून एकच तार पिळतेय."

मी गेलो. भिंगरी पियानोपुढे वाकून बसली होती. ओठ कोरडे, कपाळ ओलं. एकच सूर वाजवायची, किल्ली केसभर फिरवायची, पुन्हा तोच सूर. मी हाक मारली तर दचकली. तेवढ्यात तार तुटली. केवढा आवाज झाला! ती मला बिलगली तेव्हा तिची छाती माझ्या कोटावरून धडधडताना कळत होती.

"मला नको हे औषध, बाबा," ती म्हणाली. "गोळी लागत नाही तेव्हा मी कुठेच नसते. आज लागली तर एका तारेत अडकले. मधलं काही मला मिळणारच नाही का? मी व्यवस्थापकांना सांगते, दुसरा माणूस आणा."

मी तिला टॅक्सीत घालून सरळ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब दोनदा घेतला, तिला आडवं केलं. हळूहळू ठोके उतरले. मग त्या तिच्यासमोर बसल्या.

"गोळी तीच, मात्रा तीच. काल काही नाही आणि आज हे? आज वेगळं काय केलंत?"

"काहीच नाही."

"गोळी कशाबरोबर घेतली?"

"पाण्याबरोबर."

"आणि रोज?"

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंगरीकडे पाहिलं.

"आत्याच्या रसाबरोबर," मी म्हणालो. "संत्र्याचा. वर लिंबू."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "या गोळीचं आंबटाशी जमत नाही. त्या वेळी पोटात आंबट असलं तर ती नीट अंगी लागत नाही. म्हणजे आपण रसाविरुद्ध मात्रा वाढवत बसलो होतो! आणि आज रस नव्हता, तर सगळीच्या सगळी लागली. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं." आ वासून भिंगरी ऐकत होती, आणि मग हसायलाच लागली. रडता रडता.

आत्याला सांगणं हे खरं अवघड काम. तिनं पडल्यापडल्या ऐकलं. "म्हणजे मी लेकराला विष पाजलं?"

"विष नाही गं, रस. फक्त वेळ चुकली," मी म्हणालो.

"मग वेळ सांग ना! रस चुकला असं कशाला म्हणता?"

मात्रा बरीच खाली आली. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, अंडी आणि लोणी-पाव, गोळी पाण्याबरोबर, रस संध्याकाळी. आता रोजचा दिवस सारखा उजाडू लागला. दुपार सरता सरता औषध उतरायचं आणि ती चिडचिडी व्हायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं. अवघड काम तिनं सकाळी घ्यायला सुरुवात केली. तार तुटलेल्या पियानोकडे ती स्वतःहून परत गेली, नवी तार घातली आणि सगळा पियानो लावून जेवायच्या वेळेला घरी आली. "झाला," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मला नवा होता.

कार्यक्रमाच्या सकाळी तिनं दोन्ही पियानो लावले. व्यवस्थापक स्वतः टॉर्च घेऊन दोन्हींत डोकावले. काही सापडलं नाही.

संध्याकाळी सभागृह भरलं. पाठ बरी झालेली आत्याही आमच्याबरोबर होती. दोन पियानो समोरासमोर, दोन बहिणी वाजवायला. पूर्वार्धात सगळं सुरळीत चाललं असं मला वाटलं, पण माझं वाटणं काय कामाचं? मध्यंतर होताच धाकटी वादक आत गेली आणि व्यवस्थापक घाईघाईनं आमच्या रांगेशी आले. जोरकस वाजवण्यात एका पियानोची एक तार उतरली होती. ती सुरात आल्याशिवाय उत्तरार्ध होण्यासारखा नव्हता.

भिंगरी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा हात धरला. औषध केव्हाच उतरलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आता दुसरी गोळी घेतली असती तर वेळेत लागली नसती, वर रात्रभर डोळा लागला नसता.

"जमेल?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"लोकांना गप्प बसवता येईल का?"

"मध्यंतरात? अशक्य."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

लोक बोलत होते, खोकत होते, खुर्च्या वाजत होत्या. ती रंगमंचावर गेली. सूर वाजवला, मान कलती केली. मागे कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि तिची मान तिकडे वळली. मग ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. पुन्हा वळली. पुन्हा तोच सूर. पाचर घातली, किल्ली लावली, जराशी पिळली. ऐकलं. पलीकडच्या पियानोवर जाऊन तोच सूर वाजवला, परत आली. आणखी जराशी. पाचर काढली. तिन्ही तारा एकदम वाजवल्या. मग शेजारचे सूर, सावकाश, एकेक करून, घाई नसल्यासारखे. पहिली घंटा झाली तरी ती थांबली नाही. शेवटचा सूर पुरा विरेपर्यंत ऐकला, झाकणाची दांडी तपासली आणि मगच सरळ झाली.

आत्यानं टाळ्या सुरू केल्या. एकटीनंच, अगदी दणदणीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वाजवल्या, मग मागच्यांनी, मग सज्ज्यातल्यांनी. भिंगरी किल्ली हातात धरून गोंधळून उभी राहिली. दोघी वादक बहिणी विंगेतून आल्या. थोरलीनं उभ्याउभ्याच तो सूर वाजवला, समोरून धाकटीनं वाजवला. दोन्ही मिळून एकच आवाज आला. तो मलासुद्धा कळला. थोरलीनं भिंगरीचा हात धरून तिला पुढे आणलं आणि टाळ्या वाढल्या.

उत्तरार्ध संपल्यावर व्यवस्थापक आम्हाला जिन्यात गाठायला धावत आले.

"बाई, पुढचा सगळा हंगाम तुमचा. उद्या दुपारी या, बोलून घेऊ."

"दुपारी नको," भिंगरी म्हणाली. "सकाळी या म्हणा. सकाळी मी पुरी असते."

"सकाळी या," ते म्हणाले.