डावा गाल उघडा

ताईच्या पाकिटावर लिहिलंय: तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, दूध पावडर, साखर.

हनुवटीवर तीन पुटकुळ्या. डाव्या गालावर अकरा.

काउंटरवरचा दिवा कुणाची भीड ठेवत नाही.

"गव्हाने माणूस आतून सडतो," असं माझी ताई म्हणते. ताई घरी ग्लूटेन-फ्री पिठाची पाकिटं भरून विकते.

मी मेकअप विकते. दुकानाची पद्धत अशी की विकणारीने उजवा गाल रंगवायचा, डावा उघडा ठेवायचा. गिऱ्हाइकाने फरक बघायचा. सहा महिने उमेदवारी. जूनमध्ये कायम करणार, नाहीतर नारळ.

पोट फुगायचं म्हणून मार्चमध्ये रक्त तपासायला दिलं होतं. अहवाल आणायला ताई गेली आणि हात हलवत परत आली. "हरवला म्हणे त्यांच्याकडून. पुन्हा कशाला सुया टोचून घेतेस? माझं पीठ खा."

ब्रेड सुटला, बिस्किटं सुटली. दोन्ही वेळा ताईचं पीठ. पोट होतं तसंच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात चेहरा फुटला.

"विष बाहेर पडतंय," ताई म्हणाली.

"आधी तर गाल स्वच्छ होता."

"आत साठलेलं बाहेरून दिसतं का, बये? दम धर."

"दम धरता धरता जून येईल, ताई."

"आणि आता सोडलंस तर केलेलं सगळं पाण्यात."

मी सोडलं नाही. ताईने लहानपणापासून मला भरवलंय. तिच्या हातचं नाकारायची सवयच नाही मला.

आमच्या सुपरवायझर बाईंना आम्ही भिंग म्हणतो. रोज सकाळी त्या एकेकीच्या चेहऱ्याशी नाक नेऊन बघतात. जूनच्या मध्यावर भिंगाने माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. मी मनातल्या मनात दुकानातलं माझं कपाट रिकामं करायला घेतलं.

"तुझ्याकडेच गर्दी का होते, माहितीय?"

"नाही, मॅडम."

"बाकीच्यांचे दोन्ही गाल सारखेच. रंगवला काय, न रंगवला काय. तुझ्यात फरक दिसतो." त्यांनी मला कायम केल्याचं पत्र हातात ठेवलं. "औषधबिषध लावू नकोस हं. जे खातेस तेच खात राहा."

संध्याकाळी ताईला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, लाभलं की नाही माझं पीठ?" तिने दोन पाकिटं पिशवीत कोंबली. मी पिशवी घेतली.

आता मी उजव्या कुशीवर झोपते. डावा गाल ठणकतो.

परवा मी रक्त तपासलं तिथे जाऊन आले. मार्चच्या अठरा तारखेला अहवाल मिळाल्याची ताईची सही प्रयोगशाळेच्या वहीत आहे. त्यांनी दाखवलेल्या अहवालाच्या प्रतीत लिहिलं होतं, गव्हाचा त्रास नाही.