आत्याची चिनी मालिका

मित्रांनो, शिवणखोलीत शिरलात की डाव्या हाताला, कापडाच्या गठ्ठ्यांपलीकडे, भिंतीला टेकून एक जाडजूड काळा टीव्ही बसलेला दिसेल. तो मी. हल्ली माझ्यावर शिवून झालेल्या कॉलरी रचून ठेवतात, त्यामुळे पहिल्या नजरेत टेबलच वाटेन. पण मी टेबल नाही. मीही एके काळी बोलत होतो आणि चांगला खणखणीत बोलत होतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले दिवे इतके पांढरेशुभ्र होते की ऊन म्हणून काही असते, हे मला बरेच दिवस ठाऊकच नव्हते. टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा भरल्या, पाठीला स्क्रू पिळले आणि तोंडावर रंगीत पट्टे आणून पाहिले. पट्टे सरळ आले. एकीने माझ्या कपाळावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि मी पास झालो.

तिथून मी दातांच्या दवाखान्यात गेलो. वाट पाहायच्या खोलीत मला उंच टांगले होते. सगळे माझ्याकडे तोंड करून बसत, पण पाहत कोणीच नसे. ज्याची दाढ ठणकते आहे त्याला पडद्यावर कोण कोणाला काय म्हणाले याच्याशी काय घेणे? गाल धरून बसलेल्या माणसांसमोर मी बडबडत राही. पुढे माझ्या तोंडावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली. डॉक्टरांनी नवा, पातळ टीव्ही आणला आणि मला जिन्याखाली ठेवले.

या शिवणखोलीतली थोरली मला तिथेच भेटली. ती दवाखान्यांना लागणारे झगे शिवून देत असे. गठ्ठा पोचवायला आली होती. मला पाहून म्हणाली, "हा टाकून देताय? चालतो का?"

"चालतो, पण तोंडावर रेघ आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे. आमच्याही तोंडावर आहेत," ती म्हणाली आणि मला चादरीत गुंडाळून घेऊन आली.

शिवणखोली म्हणजे एका दुकानावरची लांबट खोली. उजेडासाठी दोन्ही मशिनी खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या. एकीवर थोरली बसे आणि दुसरीवर तिची धाकटी जाऊ. मी त्यांच्या पाठीमागे होतो, त्यामुळे मला त्यांचे चेहरे कमी आणि पाठी जास्त ओळखीच्या. थोरलीची पाठ रागावली की ताठ होई. धाकटीची पाठ हसली की गदगदा हले. पलीकडे मोठ्या टेबलाशी मास्तर उभे राहून कापड कापत. त्यांचे तोंड माझ्याकडे असे. माझ्या रेघेला ते 'हिरवी शिवण' म्हणत.

आणि माझ्याशेजारी खुर्ची होती आत्याची.

आत्या म्हणजे या दोघींच्या नवऱ्यांची आत्या. दोन्ही सुनांना सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवले होते. गुंड्यांसाठी हाताने काजे करावीत तर आत्याने, असे मास्तर म्हणत. पण अलीकडे तिचा उजवा हात थरथरू लागला होता. काज वेडेवाकडे येई, टाका भलतीकडे पडे. एकदा तिने केलेली काजे थोरलीने गुपचूप उसवून पुन्हा केली. आत्याच्या ते लक्षात आले. दुसऱ्या दिवशी तिने सुई हातात घेतली नाही.

"आत्या, आता घरी आराम करा," थोरलीचा नवरा तिला म्हणाला होता.

आराम म्हणजे काय, ते आत्याला पक्के माहीत होते. सकाळी सगळे आपापल्या कामाला जाणार आणि दिवसभर घड्याळाशी गप्पा मारायच्या. सकाळी सर्वांच्या आधी चपला घालून दारात उभी राहिली.

पण खोलीत येऊन करायचे काय? तो प्रश्न एका चिनी मालिकेने सोडवला.

धाकटीने मला एक डबी जोडली होती. त्या डबीतून देशोदेशीच्या मालिका येत. त्यात ही एक सापडली. कपडे बनवणाऱ्या कंपनीची काचेची उंच इमारत, तिथे नव्याने लागलेली एक मुलगी आणि तिचा तरुण साहेब. बोलणे सगळे चिनी. खाली आपल्या भाषेत अक्षरे येत. आता, मशीन चालवणारीने अक्षरे वाचायची म्हटली तर सुई बोटातून जायची. तेव्हा धाकटी म्हणाली, "आत्या, तुम्ही वाचा. आम्ही ऐकतो."

आत्या अक्षरे शिकली होती उतारवयात, मोठ्या बायकांच्या संध्याकाळच्या वर्गात. धावती अक्षरे तिला पकडता येत नसत. म्हणून तिने आपली रीत काढली. रिमोट मांडीवर घ्यायचा, एक वाक्य आले की चित्र थांबवायचे, बोट हवेत फिरवत ते वाचायचे आणि मग चित्र सोडायचे. एकेक भाग संपायला दुपार जाई. मी आयुष्यात इतका कधी अडखळलो नव्हतो. पण खरे सांगतो, इतके लक्ष देऊन मला कोणी पाहिलेही नव्हते.

पहिले भाग झकास होते. त्या मुलीला या सगळ्यांनी 'नवी' असे नाव ठेवले आणि साहेबाला 'कॉलरवाला', कारण त्याची कॉलर कधी चुरगळत नसे. नवी पहिल्याच दिवशी भर कचेरीत म्हणाली, "या अंगरख्याची बाही चुकली आहे. उसवावी लागेल." आत्याने ते वाचले मात्र, दोन्ही मशिनींचे पाय थांबले.

"शाब्बास गं पोरी!" थोरली म्हणाली. "मास्तर, ऐकलंत का? बाही चुकली की उसवायची असते."

"मी कधी नाही म्हटलं? माझी चुकत नाही, एवढंच," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून आत्या वाचू लागली की पाय थांबत. वाचन झाले की पुन्हा मशिनींची घरघर. आत्याची खुर्ची पक्की झाली. घरी आराम करण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पण मित्रांनो, मालिका बिघडली.

नवीच्या हातातली कात्री गेली आणि छत्री आली. कॉलरवाला तिला सोडायला येई, मग येत नसे. ती रडे. तो लिफ्टमध्ये शिरे, ती बाहेर राही. मग ती शिरे आणि तो बाहेर राही. त्याची आई येऊन काचेच्या ग्लासातले पाणी कोणाच्या तरी अंगावर फेके. नवी बरोबर असली तरी माफी मागे.

"अहो, या कचेरीत कामाला कोणी हात लावतं की नाही?" धाकटीने विचारले.

"लिफ्ट करते की," मास्तर म्हणाले. "वर-खाली, वर-खाली. पगार वाढवायचा तर तिचा वाढवा."

एकदा आत्या हात धुवायला गेली असताना थोरली हळूच म्हणाली, "मला नाही बघवत आता. सोडून देऊ या का?"

"मग आत्या काय करतील?" धाकटी म्हणाली. "उद्या मुकाट घरी बसतील बघा."

थोरलीची पाठ क्षणभर ताठ झाली, मग सैल पडली. "चालू दे. कानाला काय भोकं पडतायत?"

आत्याने हे ऐकले नाही. पण तिला दुसरे काही ऐकू आले. ती वाचू लागली तरी मशिनींचे पाय थांबेनात. घरघर तशीच चालू. आत्या आवाज चढवून वाचे, तरी चालूच. एके दुपारी माझ्या तोंडावरची धूळ पुसता पुसता ती पुटपुटली, "तू असं काहीतरी दाखवत राहिलास तर मला लवकरच उठवणार रे या खुर्चीवरून."

मला शब्द असते तर सांगितले असते, की आत्या, माझ्या हातात काही नाही. जे येते ते मी दाखवतो.

त्याच दुपारी मोठ्या बैठकीचा प्रसंग आला. नवीने आखलेला अंगरखा सर्वांसमोर ठेवला होता आणि कॉलरवाल्याने तो आपलाच म्हणून सांगितला. नवीने मान खाली घातली. माझ्या पडद्यावर अक्षरे आली, 'तुम्ही आनंदात असाल तर मीही आनंदात आहे.'

आत्याने चित्र थांबवले. बोट हवेत फिरवले. मग बोट थांबले आणि ती बोलू लागली, "'साहेब, कापड मी कापलंय. बाहीचा घेर मी काढलाय. आधी माझं नाव सांगा, मग बाकीचं.'"

घरघर बंद पडली.

"असं म्हणाली?" थोरलीने मान न वळवता विचारले.

"मग! लिहिलंय ना," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या पडद्यावर एक मालिका चाले आणि आत्याच्या तोंडून दुसरी. माझ्या नवीने माफी मागावी, आत्याच्या नवीने हिशेब मागावा. माझी नवी खिडकीपाशी उसासे टाकी, आत्याची नवी त्याच वेळी नव्या नमुन्याचा विचार करत असे. मशिनींचे पाय पुन्हा थांबू लागले. कधी घोटाळाही होई. एकदा धाकटी मागे वळून म्हणाली, "खूश आहे म्हणता, मग ढसाढसा रडतेय का?"

"कांदे चिरून आली असेल," मास्तर टेबलावरून म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. मास्तरांचे तोंड माझ्याकडे होते आणि त्यांना वाचता चांगले येत होते. त्यांनी कात्री उचलली आणि कापडात घातली.

पण असे किती दिवस चालणार? एके दिवशी धाकटीचे दोऱ्याचे रीळ घरंगळत माझ्यापाशी आले. ते उचलायला धाकटी वाकली आणि उठताना तिची नजर पडद्यावर गेली. चित्र थांबलेले होते. आत्या डोळे मिटून वाचत होती, "'हा घ्या माझा राजीनामा. पलीकडच्या रस्त्यावर एक खोली बघितलीय मी. एक मशीन, एक टेबल. माझी बाही मीच जोडीन आणि माझं नाव मीच—'"

"आत्या," धाकटी म्हणाली, "इथे तर नुसतं 'मला माफ करा' लिहिलंय."

तिच्या मनात वाईट काही नव्हते. तोंडातून निघून गेले. आत्याने डोळे उघडले. रिमोट माझ्यावर ठेवायला गेली, तर तो दोनदा माझ्या कडेला आपटला.

"तुम्हाला वाचून हवं होतं," ती म्हणाली. "तेही मला धड येत नाही. मग मी इथे कशाला?" आणि ती चपला घालून जिना उतरून गेली.

"तुला गप्प बसवलं नाही?" थोरली कडाडली.

"मला काय माहीत!" धाकटी रडवेली झाली. "मला वाटलं, चुकून दुसरंच वाचतायत."

"चुकून कुठलं?" मास्तर म्हणाले. "बैठकीच्या दिवसापासून त्या मनचंच सांगतायत. मी रोज बघतोय."

"आणि बोलला नाहीत?"

"का बोलू? चांगलं होतं. डबीतल्यापेक्षा कितीतरी चांगलं."

थोरली उठली. मला वाटले, पुढचे चित्र सोडते आहे. तिने माझे बटण दाबले आणि मी काळा पडलो. ती मालिका तिथेच सुटली. नवीचे आणि कॉलरवाल्याचे शेवटी काय झाले, ते मला अजून माहीत नाही आणि कोणी विचारलेही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या आली नाही. मशिनी दुपारपर्यंत न थांबता चालल्या, पण त्या चालण्यात काही राम नव्हता. जेवणाच्या सुट्टीत धाकटी डबा न उघडताच जिना उतरली. बऱ्याच वेळाने जिन्यात दोन आवाज आले.

"मला ओढू नकोस. पडेन."

"ओढत नाही, धरलंय. आत्या, एवढंच सांगा, ती खोली तिला मिळाली का? रात्रभर मी तेच डोक्यात घेऊन होते."

"कुठली खोली? तुम्ही बघा ना डबीत."

"डबीत ती नाहीये. डबीत ती रडकी आहे. आमची वेगळी आहे."

आत्या दारात थबकली. थोरलीने माझ्याशेजारची खुर्ची उचलली आणि दोन मशिनींच्या मध्ये, खिडकीपाशी नेऊन ठेवली. मग म्हणाली, "बसा. ती मालिका मला कधीची नको झाली होती. तुम्हाला उठावं लागू नये म्हणून चालू ठेवली होती."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "आणि तुम्ही कंटाळाल म्हणून मी खोटं वाचत होते." ती बसली. पदर सावरून म्हणाली, "खोली मिळाली. पण छत गळतंय."

"गळू दे," मास्तर म्हणाले. "जागा मोक्याची आहे ना?"

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? पहिले काही दिवस मला वाईट वाटले. माझी जागा गेली. माझ्यावर कॉलरी आल्या. कोणी मला लावत नाही, कोणी पुसत नाही. पण अंधारात बसून मीही ऐकतो आणि गोष्ट चांगली आहे.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. गोष्ट बेचव झाली तर खुशाल बंद करा. आमच्यासारख्या डब्यांना बटण त्यासाठीच दिलेले असते, आम्हाला राग येत नाही. पण आमच्याशेजारी कोणी म्हातारे माणूस बसले असेल, तर आमच्याबरोबर त्यालाही बंद करू नका. त्याची खुर्ची उचला आणि उजेडात न्या. माझ्यावरची धूळ आठवड्यातून एकदा पुसलीत तर बरेच, पण ते नंतर.

परवा आत्या मध्येच अडली. नवीच्या नव्या दुकानाच्या दारात कॉलरवाला आला होता, हातात फाटका सदरा घेऊन. त्याला आत घ्यावे की उंबऱ्यावरूनच परत पाठवावे, हे आत्याला ठरवता येईना. ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही मशिनी थांबल्या. मास्तरांची कात्री कापडात अर्ध्यावर उघडी राहिली.

"घाई नाही, आत्या," थोरली म्हणाली. "सावकाश ठरवा."